भोपळ्याला पहिली सुरी

"सुरी ठेव खाली," श्यामलाबाई स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाल्या. "अख्खा भोपळा बाईने कापायचा नसतो. त्यात तू पोटुशी. आधी पुरुषाचा हात लागू दे."

"अहो आई, आपण ख्रिस्ती ना? येशूने भोपळ्याबद्दल काहीच सांगितलेलं नाही."

"त्याच्या गावात भोपळे नव्हते."

वैभवीला हसू आलं. पण सुरी पुढे जाईना. गेल्या खेपेलाही सातवाच महिना होता. तेव्हा तिने काहीच कापलं नव्हतं, तरीही बाळ गेलं होतं.

नवऱ्याचा, शशीचा, फोन येऊन गेला होता. लंडनला युस्टन स्टेशनवरच अडकलोय, गाड्या बंद आहेत. बाहेर वॉटफर्डवर संध्याकाळीच अंधार पडला होता. शेजारच्या फ्रंट गार्डनमध्ये प्लास्टिकचा सांगाडा हिरवा पेटला, तशी ईशिता खिडकीपासून धावत स्वयंपाकघरात आली.

"मम्मी, आपला क्रॉसवाला भोपळा कधी लागणार? चर्चमध्ये सांगितलंय, हॅलोवीनला सगळ्यांनी बाहेर लाइट ठेवायची. मग भीती नाही वाटत."

"बाबा आला की लगेच."

"बाबा ऑलवेज लेट असतो."

वैभवीने सुरीचं टोक सालीवर टेकवलं. दुसरा हात आपसूक पोटावर गेला.

श्यामलाबाई पुढे आल्या. त्यांनी पदर खोचला आणि तिच्या हातातून सुरी काढून घेतली.

"आई, तुम्हीपण बाईच की."

"हो. पण काय लागायचं ते मला लागू दे. सरक."

त्यांनी भोपळ्यावर डावा तळवा ठेवला. डोळे मिटले. ओठ हलले. मग सुरी आत घातली ती मुठीपर्यंत.

पुढचं सगळं झरझर झालं. झाकण निघालं. ईशिताने कोपरापर्यंत हात घालून बिया काढल्या. "गर टाकू नका गं, घारगे होतील," असं म्हणत आजीने एक उभी चीर दिली, एक आडवी.

गेटजवळच्या बुटक्या भिंतीवर, रस्त्याकडे तोंड करून भोपळा ठेवला. वैभवीने आत मेणबत्ती लावली, झाकण बसवलं आणि दोन पावलं मागे सरून फुटपाथवर उभी राहिली.

आधी साल आतून उजळली, तापलेल्या तव्यासारखी. मग क्रूस. रस्त्याने कलकलाट करत आलेली दोन-तीन भुतं थांबली. त्यांनी मुखवटे वर केले आणि बघत राहिली. ईशिता सांगाड्याकडे पाठ करून त्यांच्यात जाऊन मिसळली.

"आई, बघा ना किती सुंदर दिसतोय!"

"बघतेय," श्यामलाबाई म्हणाल्या.

त्या भोपळ्याकडे बघतच नव्हत्या. वैभवीच्या स्वेटरवर, पोटाच्या घुमटावर, उजेडाचा क्रूस पडला होता. वारा अजिबात नव्हता. मेणबत्तीची ज्योत सरळ उभी होती.

क्रूस हलला. आतून.