भाचीचा होकार

फोन वाजला तेव्हा नोरीन डायलिसिसच्या खुर्चीत होती, एका दंडात दोन जाड सुया टोचलेल्या.

"हो म्हण," पलीकडून मर्विनमामा बोलला. "गवत पिकलंय. पोरं काड्यापेटी घेऊन उभी आहेत."

जमीन मामाची, नोरीनच्या आईच्या माहेरची. पण रीत अशी, आग लावायची तर भाचीनं डोळ्यांनी बघून हो म्हणायचं, मगच काडी ओढायची. आणि भाची इथं डार्विन शहरातल्या दवाखान्यात बांधलेली. होकार चुकला तर आग झऱ्याकाठच्या झाडीत शिरेल; तिथं आई पुरलीय. नाही म्हणावं, तर न जाळलेलं गवत ऐन उकाड्यात वीज पडून पेटेल आणि घरांसकट सगळंच जाईल. मग अख्खी वस्ती शहरात येऊन पडेल, आणि शेजारच्या या रिकाम्या खुर्चीत मामा बसेल.

शहर काय करतं ते तिला विचारा. सरकारनं वस्तीवरची शाळा बंद केली म्हणून ती पोरांना घेऊन इथं आली, आणि शहरानं तिची मूत्रपिंडं खाल्ली. मामाही आला होता. साखरेनं पाय सडला, डॉक्टर कापायला निघाले, तसा तो न सांगता पळाला. तिकडं गवत जाळत, कांगारूमागं दिवसदिवस चालला आणि जखम भरली. डॉक्टर नोरीनलाही सांगतात, रोज चाला. कुठं चालू? पार्किंगमध्ये?

"खाली ओल आहे?"

"आहे की."

"घाई झाली की तू खोटं बोलतोस, मामा. चपला काढ. गवतात चाल."

"कापायला काढलेला पाय आहे माझा, आणि म्हणे चपला काढ." पण तो चालला. नोरीननं कानात प्राण आणून ऐकलं. गवत वर कुरकुरत होतं, खाली दबत होतं. वारा तिनं दोनदा विचारला. झऱ्याकडून डोंगराकडं, तो दोन्ही वेळा म्हणाला.

मामाच्या मागून एका पोरानं टोमणा मारला, आता जमीनपण फोन उचलणार काय.

"फोन खाली धर, मातीला," नोरीन म्हणाली. मग आईच्या बोलीत हळूच सांगितलं: मी नोरीन. येता आलं नाही. रागावू नकोस. ही आपलीच आग आहे, सावकाश जाऊ दे.

"लाव."

आधी नुसती फुसफुस. मग तडतड वाढत गेली.

"मामा, झाडी?"

तडतड आणखी वाढली. मशीन ओरडायला लागलं. सिस्टर धावत आली. नोरीनचं बीपी चढलं होतं.

"मामा."

खूप वेळानं खोकला ऐकू आला. "आग ओलीपाशी येऊन बसली गं. झाडी हिरवी आहे."

"फोन बिघडलाय तुझा," सिस्टर म्हणाली. "किती खरखरतोय. ठेव तो."

नोरीननं फोन शेजारच्या रिकाम्या खुर्चीत ठेवला. बंद केला नाही. तो तिथं तडतडत राहिला.