अर्धवट निरोप

“मुलाचा शेवटचा निरोप लावला, की ‘आई’ एवढंच ऐकू येतं आणि ब्राउझर बंद पडतो,” बाई कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला म्हणाल्या. मुलगा अपघातात जाऊन सहा महिने झाले होते. दुरुस्तीवाल्याने गाणी लावून पाहिली, तेच झालं. तपासलं तर आवाज सुरू होताच ब्राउझर बंद व्हावा, असं सेटिंग कुणीतरी मुद्दाम केलं होतं. बाई पाणी आणायला आत गेल्या, तसे कोपऱ्यात बसलेले यजमान पुटपुटले, “मीच केलंय. जमलं नाही म्हणून सांगा तिला.” “का?” “पुढे पोरगा म्हणतो, ‘बाबा फोन उचलत नाहीत, मी चालतच निघतो.’ रागाच्या भरात मी उचलला नव्हता.” “झालं का हो?” बाईंनी दारातून विचारलं. दुरुस्तीवाल्याने यजमानांकडे पाहिलं. अखेर यजमानच म्हणाले, “करा नीट. मी इथेच बसतो.” बाईंनी निरोप पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकला. बाई नवऱ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “पुन्हा लावा.”