बघणारं माणूस

नर्सबाईंनी धाकटीच्या बोटाला सुई टोचली, थेंबभर रक्त पट्टीवर घेतलं आणि पट्टी साबणाच्या वडीएवढ्या यंत्रात सरकवली.

"झालं. आता जरा थांबायचं."

"एवढंच?" धाकटी म्हणाली. "ताईच्या वेळी पाठीत सुई घालून पाणी काढलं होतं. कितीतरी दिवस ती मला शिव्या घालत होती."

"आता घरी येऊन करता येतं, मावशी. स्वस्त आहे, त्रासही नाही. आणि माणूस विसरायला लागायच्या कितीतरी वर्षं आधी हा आजार कळतो."

धाकटीने बोटाला चिकटपट्टी लावली आणि कात्री उचलली. रिकामं बसणं तिला कधी जमलंच नाही. घराच्या पुढच्या खोलीत तिचं पार्लर होतं. एक फिरती खुर्ची, समोर मोठा आरसा. आज गिऱ्हाइकांना नाही म्हणून सांगितलं होतं. खुर्चीत ताई बसली होती, गळ्याभोवती कापड बांधून. आईवडिलांमागे धाकटीला वाढवलं ते ताईने, हे दुकान काढून दिलं तेही तिनेच. आता तिला घास भरवावा लागे.

"मान खाली घाल, ताई."

ताईने मान वर केली.

"बघा! मी लहानपणी अश्शीच करायचे, तेव्हा टपली मिळायची. आता ही उट्टं काढतेय."

नर्सबाई हसल्या. त्या हसल्या म्हणून ताईही हसली.

"घरी आणखी कोण असतं?"

"कोण असणार? आम्ही दोघीच. हिचं न्हाणंधुणं, खाणंपिणं, सगळं माझ्याकडे. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. मी धडधाकट आहे एवढं एकदा कळू दे, मग मी सुखाने झोपेन. मला आजारी पडून चालायचं नाही हो."

यंत्र वाजलं. नर्सबाईंनी पाहिलं. मग ते खिडकीपाशी उजेडात नेऊन परत पाहिलं. पिशवीतून त्यांनी नवी पट्टी काढली.

"पुन्हा एकदा करू या?"

धाकटीने दुसरं बोट पुढे केलं. या वेळी तिने कात्रीला हात लावला नाही. यंत्र वाजेपर्यंत ती त्याच्याकडेच बघत बसली.

"बोला," ती म्हणाली.

"इस्पितळात जाऊन पक्कं करून घ्यावं लागेल, मावशी. पण..."

"हे चुकतं का?"

"कधीतरी. दोन्ही वेळा सहसा नाही."

"औषध?"

नर्सबाई पिशवीची चेन ओढत होत्या. ती अडकली होती. "हा आजार थांबवेल असं औषध अजून तरी नाही. पण आत्ताच कळलं ते बरं झालं. हाताशी वेळ आहे. पुढची सोय लावता येते."

"सोय," धाकटी म्हणाली. "हिची सोय मी. माझी?"

नर्सबाईंनी चेन तशीच सोडली. धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला, काढला. उद्या फोन करते म्हणाल्या आणि गेल्या. त्यांना अजून काही घरी जायचं होतं.

ताईचे एका बाजूचे केस कापायचे राहिले होते. धाकटीने कंगवा ओला केला, बट धरली, कापली. हात नेहमीसारखाच चालत होता. दुसरी बट धरली. मग तिला दिसेनासं झालं. ताईला कात्री लागेल म्हणून तिने ती खाली ठेवली आणि खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरून ती उभी राहिली. आवाज होऊ नये म्हणून तिने ओठ आत दाबून धरले होते.

आरशात ताईची नजर तिच्यावर गेली. परक्या बाईकडे बघावं तशी ताई तिच्याकडे बघत राहिली. मग कापडाखालून हात काढून तिने खुर्चीच्या पाठीवरची धाकटीची बोटं चाचपली.

"काय झालं हो, बाई?"

"काही नाही."

"असं कसं काही नाही? तुमच्या घरी बघणारं माणूस नाही का कोणी?"

धाकटीने पदराने नाक पुसलं.

"आहे ना. मोठी बहीण आहे."

"मग रडता कशाला?" ताईचा चेहरा एकदम मोकळा झाला. "तिला सांगा. ती बघेल सगळं."