कोरडं निघेल त्याचं घड्याळ

"पप्पा, रागावू नका, पण शिवमला काकांचं घड्याळ दिलं तर?" मंजुश्रीनं विचारलं.

उदगीरच्या कापड दुकानामागच्या खोलीत, टेबलावर दोन घड्याळं होती. एक तिच्या बापानं, शिवकुमारनं जुळवलेलं, दुसरं त्याच्या मित्रानं, उमाशंकरनं. दोन्ही जुन्या काळच्या पाणबुड्यांच्या घड्याळांची हुबेहूब नक्कल. काळी फिरती कडा, जाड काट्यांवर रेडियम, फुगीर काच. सुटे भाग कुरिअरनं मागवायचे अन रविवारी दुपारी बसून जुळवायचे, हा दोघांचा नाद. बाजारातले लोक हसायचे. लातूरला पाणी रेल्वेनं आणावं लागलं होतं, अन हे समुद्रात बुडी मारायची घड्याळं करायलेत, म्हणायचे.

येत्या गुरुवारी मंजुश्रीचा साखरपुडा होता. नांदेडच्या शिवमच्या हातात ती बापानं केलेलं घड्याळ घालणार, असं शिवकुमारनं सगळ्या सोयऱ्यांना सांगून ठेवलं होतं.

"काकांच्यात काय जास्त हाय?" त्यानं विचारलं.

"तसं नाही. तुमचं दुकानातून आणल्यासारखं दिसतं. काकांचं कुणीतरी आयुष्यभर वापरल्यासारखं दिसतं."

 स्क्रू कसा धरायचा, हेसुद्धा उमाशंकरला शिवकुमारनंच शिकवलेलं. जुनी दिसावी म्हणून तबकडी चहाच्या पाण्यानं पिवळसर करायची युक्तीही त्याचीच. पण ह्याच्या तबकडीवर डाग पडायचे, म्हणून ती कोरीच ठेवावी लागायची, अन उमाशंकरची सायीसारखी उतरायची. घड्याळवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकले की उमाशंकरवर कौतुकाचा पाऊस. ह्याच्या फोटोला दोन अंगठे, त्यातला एक उमाशंकरचाच. शिवकुमारच्या पोटात दुखायचं, अन चांगलंच दुखायचं. आता तर घरातली पोरगीही तिकडं गेली होती.

उमाशंकर शेजारीच बसला होता. त्याला अवघडल्यासारखं झालं. "मंजू, बापाचंच दे गं. मी माझं मागं घेतो."

"माझ्यावर दया नको करू," शिवकुमार म्हणाला. "शिवमला पोहायचा नाद हाय ना? मग पाण्यातच ठरवू. उद्या सकाळी आपल्या शेतातल्या विहिरीत दोन्ही सोडू. जे कोरडं निघंल ते जावयाचं."

"पप्पा, एवढं कशाला?"

"ठरलं म्हणजे ठरलं."

मंजुश्री घरी गेली. उमाशंकरनं खुर्ची जवळ ओढली.

"तुझी रिंग मागल्या वर्षीची हाय," तो हळूच म्हणाला. घड्याळाच्या मागच्या झाकणाखाली रबराची बारीक काळी रिंग असते. पाणी अडवते ती तीच. "परवाच्या पार्सलात नवी एकच आली, ती मी माझ्यात घातली. माप तर एकच हाय दोघांचं. तू घे ती."

"मला तुझं काही नको. माझी जुनी बरी हाय."

"बरं बाबा," म्हणून उमाशंकर चहा सांगायला बाहेर गेला.

तेवढ्यात शिवकुमारनं त्याचं घड्याळ ओढलं. झाकण फिरवून काढलं, चिमट्यानं रिंग उचलली अन ब्लेडच्या टोकानं आतल्या बाजूनं एक तिरपी चीर दिली. केसाएवढी. वरून ग्रीसचा हात फिरवला, रिंग जागेवर बसवली, झाकण आवळलं. आपण काय करतोय, हे त्याला कळत होतं. पंचवीस वर्षांची दोस्ती होती. तरी आजवरचं त्याचं सगळ्यात सफाईदार काम झालं ते.

चहा पिऊन शिवकुमार उठला. साखरपुड्याच्या साड्या आणायला लातूरला जायचं होतं.

"जरा माझं दुकान बघशील?" त्यानं विचारलं.

"जा निवांत. मी हाय की."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं विहिरीवर गेले. दोन्ही घड्याळं सुतळीला बांधून पाण्यात खोल सोडली. मंजुश्रीनं थर्मासमधला चहा ओतला. शिवकुमार फार दिवसांनी खुशीत होता. त्यानं उमाशंकरच्या गुडघ्याची चौकशी केली, पंढरीच्या डाळिंबांसारखी डाळिंबं ह्या मातीत का येत नाहीत, ह्यावरही बोलला. उमाशंकर मात्र चहा तसाच हातात धरून पाण्याकडं बघत होता.

"काढू या आता," शिवकुमार म्हणाला. "आधी तुझं."

उमाशंकरनं सुतळी ओढली. मंजुश्रीनं ओढणीनं काच पुसली अन घड्याळ उन्हात धरलं. आत कुठं वाफ नव्हती. काटा आरामात फिरत होता.

शिवकुमारनं ते हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. चीर वरवरची पडली असंल, त्यानं मनाशी म्हटलं. त्याला चीड आली, पण अजून काही बिघडलं नव्हतं. आपलंही कोरडंच निघणार. मग बरोबरी. बरोबरीत पोरगी बापाचंच मन राखणार.

त्यानं दुसरी सुतळी भराभर वर ओढली.

काचेआड धुकं दाटलं होतं. तबकडीच्या खालच्या अंगाला पाण्याचा थेंब लोंबत होता अन काटा बंद पडला होता.

 मंजुश्रीनं बापाच्या पाठीवर हात ठेवला. "असू द्या, पप्पा," म्हणाली, अन काकांचं घड्याळ रुमालात गुंडाळून गाडीकडं चालू लागली.

शिवकुमार विहिरीच्या काठावर बसला. उमाशंकर त्याच्याशेजारी टेकला. त्याचे डोळे भरून आले होते.

"असं व्हायलाच नको होतं," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मंजूनं बापाचंच घड्याळ द्यावं, असं मला लई वाटत होतं रे. मी देऊनही तू नवी रिंग घेतली नाहीस. म्हणून काल तू लातूरला गेल्यावर, गिऱ्हाईक सांभाळत घाईघाईत, तुझी जुनी रिंग माझ्यात टाकली अन माझी नवी तुझ्यात बसवली."