दिवसाउजेडी

"कोणतं घर?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि काका गल्लीच्या तोंडाशीच थबकले.

काका शुक्रवारी निवृत्त झाले होते. आज सोमवार. भर दुपारी स्वयंपाकघरात काकू छातीवर हात ठेवून खाली बसल्या, त्या उठेनात. फोन कुणाला करायचा तेही काकांना ठाऊक नव्हतं. ते अनवाणीच धावत सुटले. मागे दार ओढलं गेलं, किल्ली आतच राहिली. पायांना एकच रस्ता पाठ होता, स्टेशनचा. दवाखाना त्याच रस्त्यावर निघाला आणि डॉक्टरीणबाई लगेच सोबत आल्या, हे नशीब.

ही वसाहत एका ठेकेदाराने उभी केली. दलदलीत भराव टाकला, एका साच्यातली घरं ओळीने मांडली आणि शहरात जागा न परवडणाऱ्यांच्या गळ्यात मारली. तेव्हापासून माणसं इथे फक्त पाठ टेकायला येतात. अंधारात निघायचं, अंधारात परतायचं, रविवारी आठवड्याची झोप वसूल करायची. काकांनी जन्मभर तेच केलं. भाजी, बिलं, मुलीची शाळा, सगळं काकूंनी निभावलं. "मला घरातलं काही म्हणजे काही कळत नाही," असं काका चारचौघांत हसत सांगायचे. त्यात हसण्यासारखं काय होतं, देव जाणे.

नंबर सत्त्याहत्तर, हे त्यांना आठवलं. पण सगळे नंबर गेल्या रंगकामात पुसले गेले होते आणि मोजणी कुठल्या टोकापासून करायची, हे काकांना ठाऊक नव्हतं. दोघांनी दारं ठोठावली, बेल वाजवल्या. कुणी उघडेना, गल्लीच्या गल्ली कामाला गेलेली. काकांनी काकूंना हाका मारल्या. उत्तर आलं नाही. बाईंनी पडद्यांचा रंग विचारला, दारापुढे एखादं झाड आहे का विचारलं. काकांना एकही खूण सांगता येईना. ते एकेका दारासमोर थांबत आणि रडत पुढे जात.

शेवटी बाईंनी त्यांचा दंड धरला. "काका, शांत व्हा. रोज रात्री परत येता, तेव्हा घर कसं ओळखता?"

काकांनी साऱ्या ओळीवरून नजर फिरवली. सगळीकडे लख्ख ऊन होतं.

"आमच्याच दारात पिवळा दिवा असतो," ते म्हणाले. "ती लावून ठेवते."