चौकटीतली खाच

पनवेलच्या बथशेबाला घरात शिरताना चौकटीच्या खाचेतल्या मेझुझाला, त्या यहुदी प्रार्थनेच्या डबीला, बोटं लावून ओठांना टेकवायची सवय होती.

ब्याण्णव साली ती नवऱ्यासोबत, राफेलसोबत, स्पेनमध्ये फिरली. ऑलिव्हचे डोंगर उतरून एखादं जुनं गाव लागलं, की राफेल गाडी थांबवी. तिथले यहुदी शतकांपूर्वीच गेलेले. दगडी चौकटींत तिरक्या खाचा तेवढ्या उरलेल्या. तिचा हात आपसूक जाई.

"अगं, रिकामी आहे ती!"

"पण उबदार आहे हो."

परतल्यावर दोघं भल्या पहाटे पनवेलला आपल्या दाराशी आली. तिनं हात उचलला. खाच रिकामी होती.

"रमाताई, आमची किल्ली?" तिनं शेजारी हाक मारली.

रमाताई बाहेर आल्या. समोर कुणीच उभं नसल्यासारखा त्यांनी खाचेवर तळवा टेकवला आणि आतल्या आपल्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, ही मंडळी इस्रायलला जाऊन इतकी वर्षं झाली, ही खाच अजून उबदार कशी?"