टाचण्यांची डबी

"तुझ्या हातचा झगा घालून लग्नात उभं राहायची मला लाज वाटते!" स्टुलावर उभी लेक कडाडली. शिवणकामावर तिला एकटीनं वाढवणाऱ्या आईच्या जिभेवर आलं, 'शेवटी बापावरच गेलीस!' घर टाकून गेलेल्या माणसाशी केलेली तुलना परत घेता आली नसती. आईनं डबीतल्या चिमूटभर टाचण्या ओठांत धरल्या आणि गुडघे टेकून झग्याची खालची दुमड टाचायला घेतली. लेक बोलत राहिली, मग नुसतीच धुसफुसली, मग रडायलाच लागली. "भीती वाटतेय गं आई. बोल ना काहीतरी!" शेवटची टाचणी लागली तोवर आईच्या जिभेवरचं ते वाक्य पार विरलं होतं. "वाटणारच," आई म्हणाली. लेकीनं डोळे पुसत खाली पाहिलं. "दुमड तर कालच शिवलीस ना?" आईनं डबी तिच्या हातात दिली. "सासरी ने." "मला कुठं शिवता येतं?" "शिवायला कोण देतंय?"